आवश्यक ती दक्षता

रिसोडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि अर्ज लिहून मिळतील. राहते गावात. सकाळी साडेनवाच्या जीपने यायचं, संध्याकाळी सहाच्या जीपने परत. बरीच वर्षं हे असंच चाललंय.

अर्ज लिहून देणं दिसतं तितकं सोपं नाही. माणूस येतो तो सगळं डोक्यात भरून येतो, रागासकट. त्यातला राग काढायचा, शिव्या काढायच्या, चुलत्याचं जुनं भांडण काढायचं आणि उरेल ते एका पानात बसवायचं. मला याद्या करायची सवय लहानपणापासून. किराण्याची यादी तर सगळेच करतात, मी कोणत्या पाहुण्याला कोणती चादर दिली याचीही करते. त्यामुळे दुकानातही एक वही केली होती. कामाला येणारी वाक्यं, प्रत्येकाला क्रमांक. 'उपरोक्त विषयास अनुसरून.' 'सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की.' 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.' गिऱ्हाईक बोलायला लागलं की माझ्या डोक्यात आकडे सुरू व्हायचे: सात, मग बावीस, शेवटी एक्केचाळीस. दहा मिनिटांत अर्ज तयार.

एकदा एक म्हातारे बाबा आले. त्यांच्या शेताच्या वाटेवर कुणीतरी नाली खोदली होती, बैलगाडी जात नव्हती. मी अर्ज करून वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"बाई, लिवलं तं झकास," ते म्हणाले, "पण याच्यात माही नाली कोठी आहे?"

"शेवटून दुसऱ्या ओळीत 'सदर अडथळा' आहे ना बाबा, तीच."

"असं असं. मले वाटलं नाली राह्यली लिवाची."

हा किस्सा मी कितीतरी दिवस विनोद म्हणून सांगत होते. बाबा मात्र तेव्हा हसले नव्हते.

होळी होऊन आठवडा झाला असेल. आमच्या गावच्या पंचायतीचा शिपाई दुकानात आला. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर ग्रामसेवकांच्या अक्षरात दोन ओळी: 'शाळेमागच्या हातपंपाचे पाणी पिऊ नये. तपासणीत ते पिण्यास अयोग्य आले आहे.' ही सूचना टाइप करून, लॅमिनेट करून हवी होती.

मी टायपिंग सुरू करायच्या आत ग्रामसेवकांचा फोन आला. "ताई, जरा सौम्य करा. असं धाडकन लिहिलं की लोक घाबरतात, मग पंचायतीत येऊन बसतात. तुमच्या भाषेत बसवा ना."

तुमच्या भाषेत, म्हणजे वहीतल्या. मला त्यात काही खटकलं नाही, उलट बरं वाटलं. मी त्या दोन ओळींचं एक वाक्य केलं: 'शाळेमागील हातपंपाच्या पाण्याच्या गुणवत्तेबाबत प्राप्त अहवालाच्या अनुषंगाने सर्व ग्रामस्थांनी सदर पाण्याचा वापर करताना आवश्यक ती दक्षता घ्यावी.' ठळक अक्षर, चारी बाजूंनी चौकट. शिपाई म्हणाला, "आता कसं सरकारी दिसते!" आणि घेऊन गेला.

त्या सूचनेतून 'पिऊ नये' निघून गेलं, हे माझ्या लक्षात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण 'दक्षता'मध्ये ते येतंच, ज्याला समजायचं त्याला समजेल, असं मी गृहीत धरलं. आमच्या घरी फिल्टर आहे. शाळेमागच्या पंपाचं पाणी आम्ही अंगणात शिंपडायलासुद्धा आणत नाही. गावाच्या नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं, आणि शाळेभोवतीची सगळी आळी मधले दिवस त्या पंपावर काढते, हेही मला ठाऊक होतं.

आमच्या शेजारी काकू राहतात. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला होता, दोन महिन्यांचा. लेकीला दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी वरचं पावडरचं दूध सुरू केलेलं. एका रविवारी मी दही मागायला गेले तर काकू अंगणातल्या चुलीपुढे बसलेल्या. चुलीवर पातेलं, पातेल्यातून वाफ.

"काय शिजवून राह्यल्या काकू?"

"पानी."

"पाणी इतका वेळ?"

"मंग! बोर्ड नाई वाचला तू? दक्षता घ्या म्हनते. माह्या लेकीनं वाचून दाखोलं. मी घेतो मंग दक्षता. पह्यले दोन पदरी कपड्यातून गाळतो, मंग अर्ध होईस्तोर उकळतो. माह्या नातवाचं पानी आहे, असंतसं नाई चालत."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, वाटला. सूचना लोक वाचतात आणि पाळतात, याचा.

दही घेऊन निघाले तर शेजारच्या घरी दुसरीच दक्षता. तिथल्या बाई पाण्यात तुरटी फिरवत होत्या. सवयीने मी घरी आल्यावर खिशातल्या डायरीत लिहायला लागले, आणि मग दोन दिवस जिथे जाईन तिथे विचारत सुटले. एका घरी पंपाचे पहिले पन्नास हात वाया घालवून मग घागर लावायची. एका आजोबांनी तांब्याचा हंडा माळ्यावरून काढलेला. शाळेच्या पोषण आहाराचं पाणी मात्र वेगळ्या टाकीतून येत होतं, ते बरं. आणि एका घरी दक्षता म्हणजे पाणी सांडायचं नाही, जपून वापरायचं. "उन्हाळा आहे ना वं," त्या म्हणाल्या, "म्हनून लिवलं असन." डायरीत सात प्रकार झाले. मी आणखी गंमत म्हणून ते नवऱ्याला वाचून दाखवले. तो जेवता जेवता म्हणाला, "सातमधली खरी कोणती?"

मी सूचना लिहिली होती, अहवाल पाहिलाच नव्हता.

मंगळवारी मी दुकान बंद ठेवलं आणि काकूंकडे बसले, कारण त्या दिवशी गावातली आशा सेविका बाळाचं वजन करायला येणार होती आणि मला तिला खरी दक्षता विचारायची होती. सेविका गावातलीच, पलीकडच्या बौद्ध वस्तीतली, माझ्यापेक्षा लहान, बोलायला चोख. तिने झोळीचा काटा आढ्याला टांगला, बाळाला झोळीत घातलं, वजन कार्डावर लिहिलं. मग तिचं लक्ष चुलीवरच्या पातेल्याकडे गेलं.

"हे पाणी कोणत्या पंपाचं?"

"शाळंमागचं," काकू म्हणाल्या. "चिंता नोको करू, अर्ध आटोलं."

सेविका उठून पातेल्यापाशी गेली. "काकू, आटवू नका. त्या पाण्यात जंतू नाही, खताचा अंश आहे. नायट्रेट म्हणतात. उकळल्यावर पाणी उडते आणि खत खालीच राहते. तुम्ही अर्ध आटवलं म्हणजे बाळाच्या बाटलीत दुप्पट घातलं."

काकूंनी हात कपाळाला नेला. त्यांची लेक बोलली. "त्यानं काय होते ताई?"

"मोठ्या माणसाला एकदम काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला होते. रक्तातून पुरेशी हवा पोचत नाही, ओठ-नखं निळी पडतात." सेविकेने बाळाची मूठ उघडून नखं उजेडात धरली, ओठ पाहिले. "आत्ता तरी गुलाबी दिसते. पण आज डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि या पाण्याचं दूध बंद, आत्तापासून."

मग ती माझ्याकडे वळली. "ताई, अहवाल मलेही कोणी दाखवला नाही. काल आरोग्य केंद्रात मीटिंगमध्ये कळलं. मी तो बोर्ड पाहिला होता. मले वाटलं, गढूळ असेल. असं कोणी लिहिलं ते?"

"मी," मी म्हणाले.

पातेल्याखालचं लाकूड काकूंनी ओढून बाहेर काढलं. "तू लिवलं? मंग तुलेच इचाराले पाह्यजे होतं ना मी. येड्यावानी सरपन जाळून राह्यली."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लाकूड विझवलं आणि लेकीला म्हणाल्या, जीप पकडा.

बाळाला दुपारी डॉक्टरांनी पाहिलं. त्याला काही झालं नव्हतं. पाणी बदला, इतकंच सांगितलं. त्या रात्रीच्या दुधाला मी आमच्या घरचं नळाचं साठवलेलं पाणी दिलं, पण ते सकाळी संपलं. पण त्याच आळीत आणखी दोन घरी तान्ही बाळं होती, आणि बोर्ड अजून पंपावरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सेविका पंचायतीत गेलो. काकूही आल्या, न बोलावता, बाळाला घेऊन. "मी बाहेर बसतो," म्हणाल्या आणि दाराबाहेरच्या बाकावर बसल्या.

ग्रामसेवकांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. वाईट माणूस नव्हे. त्यांच्याकडे आमच्यासारखी आणखी गावं होती, आणि प्रत्येक गावाची कपाटं.

"बदलून देतो ना," ते म्हणाले. "पण ताई, तुम्हीच तर लिहून दिलं होतं."

"हो. आणि तुम्ही पहिलं दोन ओळींचं लिहिलं होतं ते बरोबर होतं. तेच परत लावायचं."

"तेच लावलं की लोक विचारतात, मग प्यायचं काय? टँकर मंजूर नाही. मी काय सांगू?"

"विहाराजवळचा पंप तपासलेला आहे," सेविका म्हणाली. "त्याच मीटिंगमध्ये सांगितलं. चांगला आला."

ग्रामसेवकांनी चहाचा कप बशीत फिरवला. त्यांना ते माहीत होतं. दोन्ही पंपांचे अहवाल एकाच पाकिटातून आले होते. मला तेव्हा समजलं की 'पिऊ नये' नको होतं ते लोक घाबरतील म्हणून नव्हे. 'पिऊ नये' म्हटलं की पुढचं वाक्य लिहावं लागतं, आणि पुढच्या वाक्यात बौद्ध वस्तीच्या पंपाचं नाव येतं. ते बोर्डावर आलं की शाळेच्या आळीतली काही घरं नाक मुरडतील. वस्तीतली माणसं विचारतील, आतापर्यंत आमच्या पंपाकडे पाहिलं नाही, आता आठवला का. दोन्हीकडून लोक पंचायतीत येतील.

मी नव्या सूचनेचा कागद घरूनच लिहून आणला होता. समोर ठेवला.

'शाळेमागच्या हातपंपाचे पाणी पिऊ नका. त्यात नायट्रेट जास्त आहे. उकळून, गाळून किंवा तुरटी फिरवून ते जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हे पाणी कशातूनही देऊ नका. धुण्या-भांड्यांना चालेल. पिण्याचे पाणी विहाराजवळच्या हातपंपावरून घ्या. तो तपासलेला आहे. ग्रामपंचायत.'

त्यांनी वाचलं. पेन उचललं आणि एकाच ओळीवर टेकवलं. "एवढं फक्त 'पर्यायी स्रोताचा वापर करावा' असं करू. बाकी सगळं ठेवा. लोकांना कळतं बरोबर."

वहीत ते वाक्य होतं. चौसष्टावं की पासष्टावं. मीच कितीदा वापरलेलं.

"साहेब, कळतं ते मी सात घरी जाऊन पाहिलं," मी म्हणाले आणि डायरी उघडून सातही दक्षता वाचल्या. पाणी सांडायचं नाही, ही वाचताना ते हसले. तुरटीला हसले नाहीत, कारण त्यांच्या खोलीवरही तुरटीच फिरत होती, हे त्यांनीच सांगितलं.

"तोंडी सांगू ना सगळ्यांना," ते म्हणाले. "सेविका ताई घरोघर जातातच."

"मी तोंडी सांगेन," सेविका म्हणाली. "आमच्या पंपावर या, कोण अडवते? पण बोर्डावर लिहा. तोंडी सांगितलं तर येणार नाहीत. आणि आले तर आमच्यावर उपकार केल्यासारखे येतील."

मी उठले आणि दाराशी गेले. "काकू, जरा ऐका. दोन वाक्यं वाचते. कोणतं समजतं ते सांगा."

पहिल्यांदा 'पर्यायी स्रोत' वाचलं.

"हे काय असते?" काकूंनी विचारलं. "टाकी का? टाकी तं खाली आहे."

मग दुसरं वाचलं. विहाराजवळच्या हातपंपाचं नाव आलं. मांडीवरचं बाळ त्यांनी या हातावरून त्या हातावर घेतलं. आत सेविका बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. काकू त्या पंपावर आयुष्यात कधी गेलेल्या नव्हत्या. मीही गेले नव्हते, आणि कुणी मला त्याचं कारण विचारलं नव्हतं.

"आमच्या घरी म्हातारं मानूस आहे," काकू शेवटी म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या सासूबाई. "थे इचारतीन, कोन्या पंपाचं पानी आनलं."

"काय सांगाल मग?"

"मी काय सांगू! मी सांगतलं तं मले घराबाहीर काढतीन." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "थे लिव. पंचायतीनं लिवलं असन तं मी म्हनतो, जा वाच, माह्यावर कायले कावता. शिक्का पाह्यजे बरं त्याच्यावर. शिक्का नाई तं कोनी मानत नाई."

ग्रामसेवक दारापर्यंत आले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, मले दक्षता नोको. पानी कोठून आनू, एवढं सांगा. याची बाटली बाराले आहे."

त्या वेळी अकरा वाजून गेले होते.

ग्रामसेवक आत गेले. सरपंचांना फोन लावला, तो लागला नाही, पुन्हा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी फोन खिशात घातला, कागदावर सही केली, खाली तारीख घातली आणि शिक्का मारला. शिक्का थोडा तिरका लागला. "याच्या तीन प्रती काढा ताई," ते म्हणाले, "एक शाळेमागे, एक विहाराजवळ, एक इथे." आणि मग, जरा थांबून, "लॅमिनेशन नको आत्ता. शिपाई असेच चिकटवेल. नंतर करू."

पंचायतीत झेरॉक्स मशीन आहे, ते त्या दिवशी चाललं.

बाटलीची वेळ बाराची होती, म्हणून कागद चिकटेपर्यंत थांबायला काकूंना वेळ नव्हता. एक प्रत त्यांनी घडी करून कमरेला खोचली. घरून स्टीलची कळशी आणली, बाळ लेकीकडे दिलं, आणि मी, सेविका आणि काकू अशा तिघी वस्तीकडे निघालो. रस्ता मोठा नाही. ओढ्यावरचा पूल, मग डाव्या हाताला विहार, त्याच्या कुंपणाला लागून पंप. काकू पुलापर्यंत आमच्या पुढे होत्या. पुलानंतर मागे पडल्या.

पंपावर चार-पाच बायका होत्या, भांड्यांची रांग लागलेली. सगळ्यांनी वळून पाहिलं. एकीने सेविकेला विचारलं, "काय वं, आज पाहुने?"

"शाळेमागचा पंप बंद झाला प्यायला," सेविका म्हणाली. "बोर्ड लागून राह्यला आता."

"मंग आमची रांग गावभर जाईन का आता?" दुसरी म्हणाली. बोलण्यात थट्टा होती आणि नुसती थट्टाही नव्हती. "एवढे दिवस आमचं पानी चालत नव्हतं वाट्टे."

काकूंनी कमरेचा कागद काढला, उलगडला आणि कुणाला द्यावा हे न समजून तसाच धरून उभ्या राहिल्या. पंप मारणारी एक वयस्क बाई होती. तिने हात थांबवला, कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली, शब्द शब्द सुटा करून. बाळांच्या ओळीपाशी आल्यावर तिने वर पाहिलं.

"केवढं आहे लेकरू?"

"दोन मह्यन्याचं."

"मंग रांगंत कायले उभी वं तू?" ती म्हणाली, पुढची घागर पायाने बाजूला सरकवली आणि दांड्याला हात घातला. "आन थे कळशी इकडे. पह्यले लेकराचं भरू दे. बाकीच्याइनं थांबा."